टोनर रिफिल: पावडर स्वस्त, ड्रम महाग

लेझर प्रिंटरचं कार्ट्रिज संपलं, असं आपण म्हणतो तेव्हा संपलेली असते ती फक्त पावडर, म्हणजे टोनर. ड्रम, चार्ज रोलर, मॅग रोलर, दोन्ही ब्लेड, गिअर (यांची ओळख पुढे होईलच) हे सगळं बहुतेक वेळा धडधाकट असतं. इंदूरमध्ये भंवरकुआंच्या नोट्सच्या दुकानांत, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या एम.पी. ऑनलाइनच्या कियोस्कवर, हायकोर्ट खंडपीठात काम करणाऱ्या वकिलांच्या ऑफिसांत, घरी शिकवण्या घेणाऱ्यांकडे रिफिल ही रोजचीच गोष्ट आहे. तरी अर्ध्याहून जास्त तक्रारी एकाच कारणाने येतात: नवी पावडर भरली जाते, पण वापरून झालेली पावडर, म्हणजे वेस्ट, आतच राहते. मग तिसऱ्या-चौथ्या रिफिलला पान राखाडी येतं, प्रिंटरच्या पोटात काळं सांडतं आणि दोष बिचाऱ्या नव्या पावडरीला लागतो.

म्हणून इथे पावडर भरण्यापेक्षा वेस्ट काढणं आणि ड्रम सांभाळणं यावर जास्त लिहिलं आहे. उदाहरण घेतलं आहे एचपी १२ए कार्ट्रिजचं. लेझरजेट १०१०, १०१८, १०२०, १०२२, एम १००५, ३०५० या सगळ्यांत तेच लागतं. कॅनन एलबीपी २९०० चं ३०३ रचनेने तेच. हे प्रिंटर जुने झाले, पण अजून ठिकठिकाणी चालू आहेत. या कार्ट्रिजला पानांचा हिशेब ठेवणारी चिप नाही आणि सुटे भाग कुठेही मिळतात, त्यामुळे हात बसवायला याच्यासारखं दुसरं कार्ट्रिज नाही.

आधी हिशेब

१२ए ची कंपनीने सांगितलेली क्षमता २००० पानं आहे. असे आकडे साधारण ५ टक्के काळं असलेल्या पानावर बेतलेले असतात, म्हणजे पत्रासारखं सुटसुटीत पान. गच्च टाइप केलेली प्रश्नपत्रिका सहज त्याच्या वर जाते. आधार कार्डाची झेरॉक्स तर विचारूच नका. एम १००५ वर झाकण उघडं ठेवून कॉपी काढली की कार्डाभोवतीची सगळी जागा काळी छापली जाते, आणि अशा एका पानात बऱ्याच साध्या पानांची पावडर जाते. कियोस्कवाल्यांनी फक्त झाकण मिटायची सवय लावली तरी महिन्याची पावडर ठळकपणे कमी होते.

एका भरणीला १०० ग्रॅमच्या आसपास पावडर लागते. समजा बाटली १०० रुपयांची आहे. ड्रम १२० रुपयांचा आहे आणि तो तीन रिफिलला पुरतो, म्हणजे दर रिफिलमागे ४० रुपये. एकूण १४० रुपयांत २००० पानं, म्हणजे पानाला ७ पैसे. तेच दुकानात २५० रुपये देऊन भरून घेतलं तर साडेबारा पैसे. ५५० रुपयांचं नवं कंपॅटिबल (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) कार्ट्रिज १८०० पानं चाललं तर तीस पैशांच्या वर. भाव बदलतात, आपल्या दुकानातले आकडे घालून बघा, पद्धत हीच.

आता याच्या शेजारी कागद ठेवा. ५०० पानांचं रीम २५० रुपयांना धरलं तर एक कोरा कागद ५० पैशांचा. म्हणजे रिफिल करू लागल्यावर टोनर हा छपाईतला सगळ्यात लहान खर्च होतो आणि कागद सगळ्यात मोठा. यातून दोन गोष्टी निघतात. बाटलीमागे वीस रुपये वाचवायला अनोळखी पावडर घेऊन चाळीस पानं रद्दीत घालण्यात काही राम नाही. आणि खरी बचत हवी असेल तर आधी पाठपोट छापा. हाताने पानं उलटून घातली तरी चालेल.

कार्ट्रिज रिकामं मानायच्या आधी एकदा हलवून बघा. पानाच्या मधोमध किंवा एका कडेला उभा फिका पट्टा येऊ लागला की कार्ट्रिज बाहेर काढून आडवं धरायचं आणि डावी-उजवीकडे पाच-सहा वेळा डोलवायचं. पावडर सारखी पसरते आणि आणखी काही डझन पानं सहज निघतात. मसुद्यांसाठी इकोनोमोड, म्हणजे कमी पावडरीत छापायची सेटिंग, वापरा. कोर्टात किंवा सरकारी खिडकीवर द्यायच्या कागदाला नको. त्यावरचा शिक्का-सहीचा भाग पुन्हा झेरॉक्स केला की अक्षरं उडतात.

आत काय असतं

१२ए चे दोन अर्धे असतात. एका अर्ध्यात पावडरची टाकी, मॅग रोलर (आत चुंबक असलेला, पावडर धरून ठेवणारा) आणि त्यावर टेकलेली, पावडरचा थर सारखा करणारी डॉक्टर ब्लेड. दुसऱ्या अर्ध्यात हिरवा किंवा निळा चकचकीत ड्रम, त्याला चिकटून फिरणारा काळा रबरी चार्ज रोलर (दुकानात याला पीसीआर म्हणतात), वायपर ब्लेड आणि तिच्यामागे वेस्टची टाकी.

काम असं चालतं: पीसीआर ड्रमच्या पृष्ठावर सगळीकडे सारखा ऋण भार देतो. लेझर जिथे पडतो तिथला भार उतरतो. मॅग रोलरवरची पावडर त्या उतरलेल्या जागी चिकटते, तिथून कागदावर जाते आणि फ्युजरमध्ये, म्हणजे प्रिंटरच्या तापणाऱ्या भागात, वितळून पक्की होते. सगळी पावडर कागदावर जात नाही. उरलेली वायपर ब्लेड खरवडून वेस्टच्या टाकीत ढकलते. ही टाकी लहान आहे. एक-दोन भरण्यांचं वेस्ट ती सोसते, मग कडेने बाहेर सांडायला लागते.

वेस्ट पुन्हा टाकीत घालायचा मोह होतो, कारण दिसायला ती तशीच काळीभोर असते. घालू नका. तिच्यात कागदाचे तंतू आणि धूळ मिसळलेली असते आणि तिचा भार नीट राहिलेला नसतो. पानाची पांढरी जागा राखाडी येते आणि वेस्टमधले खडे डॉक्टर ब्लेडखाली अडकून पांढऱ्या उभ्या रेघा पाडतात.

साहित्य

मधला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, एक बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर, लांब नाकाची पक्कड, दोन इंचांचा मऊ रंगकामाचा ब्रश, धागे न सुटणारं सुती कापड (जुनं, बऱ्याचदा धुतलेलं मलमल उत्तम), फनेल, वर्तमानपत्राचे बरेच ताव, दोन जाड प्लास्टिक पिशव्या, ड्रम झाकायला काळं कापड, एन-९५ मास्क आणि पातळ हातमोजे. एक डिजिटल वजनकाटाही ठेवा. स्वयंपाकघरातला नको, वेगळा.

पावडर घेताना बाटलीवर कार्ट्रिजचा नंबर असलाच पाहिजे. एचपी आणि कॅननच्या या जातीच्या कार्ट्रिजमध्ये पावडर चुंबकीय असते. तिच्यात लोहाचं ऑक्साइड मिसळलेलं असतं, म्हणून ती मॅग रोलरला धरून राहते. ब्रदर किंवा सॅमसंगची पावडर चुंबकीय नसते. ती १२ए मध्ये घातली तर पान फिकं येतं आणि पावडर आतल्या आत उडत राहते. खात्री करायची तर बाटलीला बाहेरून चुंबक लावून बघा. चुंबकीय पावडर काचेमागच्या लोहकणांसारखी चुंबकाकडे सरकते. सिल्व्हर मॉलच्या दुकानांतून किंवा जेल रोडवरून एकदा चांगली चाललेली बाटली सापडली की तीच घेत राहावी. निम्मी टाकी एका पावडरीची आणि वर दुसरी असं केलं की दोन्हींचा भार एकमेकींशी जुळत नाही.

जागा निवडताना पंखा आणि कूलर बंद करा. पावडरचा कण काही मायक्रॉनचाच असतो, एकदा हवेत गेला की लवकर खाली बसत नाही. जवळ उदबत्ती, गॅस, पेटती काडी नको. बारीक प्लास्टिकची धूळ हवेत दाट झाली की पेट घेऊ शकते. पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नका. सांडलेलं झाडूने झाडू नये, घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये. फिल्टरमधून कण निसटून पुन्हा खोलीत येतात. ओलसर कापडाने टिपून घ्यायचं. हात आणि कपडे थंड पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने पावडर मऊ होऊन धाग्यात बसते आणि मग निघत नाही.

उघडणं आणि वेस्ट काढणं

उघडायच्या आधी एक पान छापून ठेवा, ज्यात अक्षरंही आहेत आणि बरीच पांढरी जागाही आहे. नंतर तुलनेला लागतं. कार्ट्रिज वजन करून आकडा लिहा.

१. ड्रमवरचं शटर बाजूला करा. त्याची स्प्रिंग कुठून कुठे अडकली आहे याचा मोबाइलवर फोटो काढा. जोडताना सगळ्यात जास्त वेळ याच स्प्रिंगपायी जातो.

२. दोन्ही अर्धे दोन बाजूंच्या दोन धातूच्या पिनांवर जोडलेले असतात. कंपॅटिबल कार्ट्रिजमध्ये पिनेचं डोकं जरा बाहेर असतं, पक्कडीने धरून ओढली की येते. कंपनीच्या कार्ट्रिजमध्ये ती आत गाडलेली असते. पिनेशेजारचं प्लास्टिक कटरने जरासं कापून, बारीक स्क्रू ड्रायव्हरने ढकलत बाहेर आणावी लागते. हे पहिल्यांदाच, पुढच्या वेळी सोपं जातं. अर्धे वेगळे करताना त्यांच्यामधल्या स्प्रिंगा उडू देऊ नका.

३. ड्रमच्या एका बाजूला धातूची पिन आहे, दुसऱ्या बाजूला दोन स्क्रूंवर बसवलेली पट्टी. स्क्रू काढा, पट्टी काढा, पिन ओढा, ड्रम उचला. धरायचं फक्त टोकांना, गिअरपाशी. मधल्या हिरव्या भागाला बोट लागलं तर त्या तेलाचा डाग पानावर छापून येतो. ड्रम लगेच काळ्या कापडात गुंडाळा. ट्यूबलाइटखाली काही मिनिटं उघडा राहिला तरी थकतो. उन्हात तर क्षणभरही नको.

४. पीसीआर दोन क्लिपांवर टेकलेला असतो, हलकेच वर उचला. एका टोकाला विजेचा संपर्क आहे, तिथे काळसर वंगण असतं, ते पुसू नका. कोणतं टोक कुठे होतं ते मार्करने खूण करून ठेवा. रोलर कोरड्या कापडाने पुसा. डाग निघत नसेल तर कापड साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. स्पिरिट, थिनर, कॉलिन यांपैकी काही नको. रबरावरचा थर जातो.

५. वायपर ब्लेडचे दोन स्क्रू काढून ब्लेड उचला. तिच्यामागे वेस्टची टाकी उघडी पडते. पिशवीचं तोंड टाकीला लावून पावडर हळूच ओता, मागून टिचक्या मारा, कोपऱ्यांत ब्रश फिरवा. कंप्रेसरची फुंकर मारायचीच असेल तर गच्चीवर जाऊन मारा. ब्लेडखालच्या स्पंजच्या पट्ट्या जागच्या हलता कामा नयेत, आणि समोरच्या कडेला पातळ पारदर्शक पट्टी असते ती वाकता कामा नये. ती वाकली की वेस्ट टाकीत न जाता कागदावर सांडतं.

६. वायपर ब्लेडची रबरी धार उजेडात धरून बघा. खाच, चिरा, लाटा दिसल्या तर ब्लेड बदला. ती ड्रमहून स्वस्त असते. धार चांगली असेल तर कोरड्या कापडाने पुसून जागी बसवा.

आता ड्रम बघा. हिरवा भाग सगळीकडे सारखा चमकत असेल तर तो अजून चालेल. कडेला कड्यासारखी मंद रेघ, गोल ओरखडे, किंवा खालचं अॅल्युमिनियम डोकावणारा चकचकीत ठिपका दिसला तर बदला. ड्रम पुसायचा तो कोरड्या मऊ कापडाने, लांबीच्या दिशेत. तो घासून चमकवायचा नसतो.

भरणं आणि जोडणं

टाकीच्या अर्ध्यात गिअर नसलेल्या बाजूचं झाकण काढलं की प्लास्टिकचं बूच दिसतं. झाकण काढताना मॅग रोलर त्याच्या आधाराने सुटून सरकू शकतो. तो एका हाताने जागी दाबून धरा, नाहीतर बूच काढायच्या आधीच अर्धी पावडर वर्तमानपत्रावर येईल. आत उरलेली जुनी पावडर दुसऱ्या पिशवीत काढा. मॅग रोलर कोरड्या कापडाने पुसा. त्याच्यावर पाणी, स्पिरिट काही नाही. पांढऱ्या उभ्या रेघा येत असतील तर याच वेळी डॉक्टर ब्लेडचे स्क्रू ढिले करून धारेखाली बसलेले खडे ब्रशने काढा, मात्र ब्लेड होती त्याच जागी परत यायला हवी.

बाटली उघडण्याआधी चांगली हलवा, तळाशी बसलेली पावडर मोकळी होते. फनेल लावून थोडी थोडी ओता, मध्येच कार्ट्रिज टेबलावर हलकेच आपटा. १०० ग्रॅमवर थांबा. टाकीत अजून जागा दिसते म्हणून १३० घातली तर आतला ढवळणारा पाय जड होतो, गिअरवर ताण येतो आणि मॅग रोलरवर जाड थर बसून पान काळपट येतं. बूच घट्ट बसवा, मग झाकण. मॅग रोलरच्या आतल्या चुंबकाचं टोक एका बाजूला कापलेलं असतं, ते झाकणातल्या तशाच खाचेत बसलंच पाहिजे. स्क्रू आवळून गिअर हाताने फिरवा. रोलरवर सारखा, मखमली काळा थर दिसला पाहिजे.

जोडण्याआधीचं एक लहानसं काम बहुतेक जण सोडतात. पुसलेली वायपर ब्लेड कोरडी असते आणि कोरड्या ड्रमवर ती रबरासारखी अडकते. ड्रम फिरायला लागला की धार उलटते. म्हणून कापसाच्या बोळ्याने ब्लेडच्या धारेवर थोडीशी नवी पावडर लावा, ड्रमवरही किंचित फिरवा. नवा ड्रम असेल तर हे टाळून चालणारच नाही. मग पीसीआर, ड्रम, पिन, पट्टी, स्क्रू या क्रमाने बसवा. ड्रम गिअर धरून तीन-चार फेरे फिरवा, तोही ज्या दिशेला सहज फिरतो त्याच दिशेला. उलटा फिरवला की ब्लेडची धार उलटते आणि ती सरळ करायला सगळं पुन्हा उघडावं लागतं.

दोन्ही अर्धे एकत्र आणा, स्प्रिंगा जागी आहेत का बघा, पिना पूर्ण आत ढकला. अर्धवट राहिलेली पिन प्रिंटरमध्ये कार्ट्रिजच अडकवते. शटर आणि त्याची स्प्रिंग फोटो बघून लावा. पुन्हा वजन करा आणि कार्ट्रिजच्या पाठीवर मार्करने तारीख, रिफिल क्रमांक आणि ड्रम बदलला का ते लिहा. ही नोंद नसली की पुढच्या वेळी ड्रम किती चालला हे अंदाजाने ठरवावं लागतं.

पहिली पाच-दहा पानं ठिपके घेऊन आली तर काळजी नको. ती रद्दीच्या पाठीवर छापा, पण स्टेपलची पिन राहिलेला किंवा चुरगळलेला कागद घालू नका. दहा पानांनंतरही डाग राहिला तर मग शोध घ्यायचा.

पान बघून दोष ओळखणं

एकाच अंतराने पुन्हा पुन्हा येणारा डाग पट्टीने मोजा. १२ए चा ड्रम २४ मिलिमीटर व्यासाचा आहे, त्याचा एक फेरा म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर. तेवढ्या अंतराने डाग आला तर ड्रम. ३८ मिलिमीटरच्या आसपास आला तर पीसीआर, म्हणजे तो पुसा किंवा बदला. एवढं मोजलं की भागांचा अंदाजपंचे खर्च वाचतो.

बारीक, धारदार काळी उभी रेघ म्हणजे ड्रमवर ओरखडा. रुंद, धुरकट उभा पट्टा असेल तर वायपर ब्लेड नीट पुसत नाही. पांढरी उभी रेघ आली तर डॉक्टर ब्लेडखाली खडा, किंवा लेझरच्या आरशावर धूळ; दुसरं कार्ट्रिज घालून बघितलं की कोणतं ते कळतं.

पूर्ण पान काळंकुट्ट आलं तर पीसीआरचा संपर्क नाही. त्याला वीज मिळत नाही, ड्रमवर भार बसत नाही आणि सगळीकडे पावडर चिकटते. बहुतेक वेळा रोलर उलट-सुलट बसलेला असतो किंवा क्लिपमधून निसटलेला. पूर्ण पान कोरं आलं तर मॅग रोलरचा संपर्क किंवा ड्रमची धातूची पिन बघा. नवं कंपॅटिबल कार्ट्रिज असेल तर आधी सील ओढली का ते बघा, हे फार जण विसरतात.

पानाची पांढरी जागा राखाडी येत असेल तर क्रमाने तपासा: वेस्ट भरलंय का, पावडर बरोबर आहे का, ड्रम झिजलाय का. बोटाने पुसल्यावर अक्षरं उडत असतील तर पावडर दुसऱ्या जातीची आहे, कागद ओला आहे किंवा फ्युजर कमजोर झाला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कागद आधी संशयित धरा. माळव्याच्या पावसाळ्यात उघडं पडलेलं रीम दोन-तीन दिवसांत दमट होतं. छपाई फिकी येते, पान मुडपून बाहेर येतं, जॅम होतं. रीम त्याच्याच वेष्टनात गुंडाळून ठेवलं आणि ट्रेमध्ये लागेल तेवढीच पानं घातली की निम्म्या पावसाळी तक्रारी जातात.

पावडर प्रिंटरच्या आत सांडली असेल तर प्रिंटर बंद करून अर्धा तास थांबा; फ्युजर सुमारे २०० अंशांपर्यंत तापलेला असतो. मग कोरड्या कापडाने टिपा. कार्ट्रिजखालच्या काळ्या स्पंजी ट्रान्सफर रोलरला बोट लावू नका.

बाकीची कार्ट्रिजं

एचपी ८८ए (पी १००७, पी १००८, एम ११३६ वगैरे) रचनेने १२ए चंच लहान भावंड आहे. क्षमता १५०० पानं, पावडर ६०–७० ग्रॅम. टाकी लहान म्हणून वेस्टची टाकीही लहान. इथे प्रत्येक रिफिलला वेस्ट काढलंच पाहिजे.

ब्रदरच्या टीएन-२३६५ सारख्या कार्ट्रिजमध्ये ड्रम वेगळा असतो आणि तो सुमारे १२,००० पानं चालतो. टोनरचा भाग भरायला सोपा, पण त्याच्या कडेचा रिसेट गिअर फिरवून मूळ जागी आणल्याशिवाय प्रिंटर ‘टोनर संपला’ म्हणत राहतो. ड्रम युनिटवर एक हिरवी कळ आहे, ती आतल्या कोरोना वायरवरून, म्हणजे ड्रमला भार देणाऱ्या तारेवरून, सरकते. पानावर उभा पट्टा आला की ती सात-आठ वेळा इकडून तिकडे सरकवा आणि बाणाच्या खुणेपाशी परत ठेवा. मध्येच सोडली तर नवीन पट्टा येतो.

चिपवाल्या कार्ट्रिजचं गणित निराळं आहे. पावडर भरता येते, पण चिपमधला हिशेब शून्यावर जात नाही. ‘व्हेरी लो’ आल्यावरही छापत राहायची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती चालू करा आणि पातळीचा आकडा बघणं सोडा. एचपीच्या नव्या मॉडेलांत परक्या चिपा प्रिंटरमधलं सॉफ्टवेअर (फर्मवेअर) अडवतं. मूळ एचपी चिप असलेलं, पुन्हा भरलेलं कार्ट्रिज मात्र चालायला हवं, म्हणून कंपनीची मूळ चिप कधी फेकू नका. ‘कार्ट्रिज प्रोटेक्शन’ ही सेटिंग चालू राहिली तर ते कार्ट्रिज त्या एकाच प्रिंटरला बांधलं जातं. दोन प्रिंटर असणाऱ्यांनी ती आधीच बंद करावी. रिफिल कार्ट्रिज घातलं म्हणून एचपीची वॉरंटी रद्द होत नाही, पण त्यामुळेच बिघाड झाला तर दुरुस्तीचे पैसे आपल्याला भरावे लागतात.

दुकानातून भरून घेताना

वेळ नसेल तर दुकान बरं, पण तिथे उभं राहून तीन गोष्टी मागा. ‘भैया, वेस्ट निकालकर ही भरना’ हे पहिलं. दुसरं, पावडरची बाटली समोर उघडायची. तिसरं, ड्रम एकदा दाखवायचा. काही जण सोल्डरिंगच्या सळीने टाकीला भोक पाडून पावडर ओततात आणि वर सेलोटेप लावतात. पाच मिनिटांत काम होतं. वितळलेल्या प्लास्टिकचे कण मात्र टाकीत पडून मॅग रोलरपर्यंत जातात आणि वेस्ट तसंच राहतं. असं भरून देणाऱ्याकडे पन्नास रुपये कमी पडले तरी जाऊ नये.

पडताळणीला वजन आहेच. वेस्ट काढलं असेल तर भरल्यानंतरची वाढ पावडरच्या वजनाहून कमी असते, कारण वेस्टचं वजन गेलेलं असतं. १०० ग्रॅम पावडर भरून वजन बरोबर १०० ग्रॅमच वाढलं असेल तर आतलं काहीच बाहेर आलेलं नाही.

भरलेल्या कार्ट्रिजला सील नसते. स्कूटरच्या डिकीत उभं टाकून आणलं तर खड्ड्याखड्ड्याला पावडर सांडते. काळ्या पिशवीत, आडवं, हातात आणा. मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याच्या दुकानात वरच्या फळीवर ठेवू नका. उष्णतेने पावडर गोळा होते आणि गोळा झालेली पावडर हलवून मोकळी होत नाही.

कधी थांबायचं

पावडर, ड्रम आणि ब्लेड बदलूनही पान राखाडी येत असेल, मॅग रोलरचा काळा थर घासून चांदीसारखा दिसू लागला असेल, किंवा गिअरचे दात झिजून कटकट आवाज येत असेल, तर ते कार्ट्रिज सोडा. साधारण सहा-सात रिफिलनंतर भाग बदलण्याचा खर्च नव्या कंपॅटिबल कार्ट्रिजच्या जवळ जातो. चांगले स्क्रू, पिना, स्प्रिंगा आणि धड असलेलं शटर मात्र काढून ठेवा.

टाकाऊ कार्ट्रिज आणि ड्रम हा ई-कचरा आहे. घंटागाडीत त्याचा डबा वेगळा आहे, सुक्या कचऱ्यात मिसळू नका. वेस्ट पावडर दोन पिशव्यांत बांधून, वर कागदाची चिठ्ठी चिकटवून, घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यात द्या. पिशवी सैल बांधली तर गाडीत दाबली जाताना फुटते आणि पावडर कर्मचाऱ्याच्या अंगावर उडते, म्हणून गाठ मारण्याआधी आतली हवा काढून टाका. नाल्यात किंवा बेसिनमध्ये ओतू नका, जाळू तर अजिबात नका.